केळीच्या वाखाला पण दुधासारखं संकलन केंद्र पाहिजे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी वाळवा तालुक्यातला शेतकरी, ऊस आहे आणि गेली सात-आठ वर्षं दोन एकर केळी करतोय, जी-नाइन जातीची. पत्र लिहायचं कारण म्हणजे पेपरात आणि युट्यूबवर केळीच्या खांबापासून धागा काढायच्या बातम्या सारख्या येतायत, टाकाऊपासून लाखोंची कमाई वगैरे, आणि त्या बघून आमच्या भागातली तरणी पोरं मला रोज फोन करून विचारतात की दादा तुम्ही मशीन घेतलीय ना, घेऊ का आम्ही पण. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो. धागा चांगला आहे, काम पण खरं आहे, पण नुसती मशीन घेऊन भागत नाही, आणि काय केलं म्हणजे भागेल ते पण लिहितो.

ज्यांनी केळी केली नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. केळीच्या एका झाडाला एकदाच घड येतो. घड उतरला की त्या झाडाचं काम संपलं, मग खालच्या पिलावर खोडवा, म्हणजे पुढचं पीक, धरायचा आणि जुना खांब तोडायचा. सहा बाय पाचवर लावण असली की एकरी साधारण साडेचौदाशे झाडं बसतात. पानं सोडून एका खांबाचं वजन सहज अठरा-वीस किलो भरतं, म्हणजे एकरी पंचवीस ते तीस टन माल. आणि हा माल जळत नाही, कारण दहातले नऊ भाग पाणीच. उसाचं पाचट पेटवतात (ते पण चुकीचंच आहे), पण केळीचा खांब पेटत पण नाही आणि लवकर कुजत पण नाही. मग काय करतात, ट्रॉलीत भरून बांधाला नाहीतर ओढ्यात. आम्ही पण तेच करत होतो, मजूर आणि ट्रॉली मिळून एकरी पाच-सहा हजार जायचे ते वेगळेच. २०२१ च्या जुलैमध्ये पाऊस लागला तेव्हा ओढ्यात टाकलेले खांब वाहत येऊन आमच्या रस्त्याच्या मोरीत अडकले आणि पाणी तटून खालच्या दोन रानांत शिरलं. त्यातले किती खांब माझे होते ते मला माहितीय, म्हणून त्या दिवसापासून ओढ्यात टाकणं बंद केलं. बांधावर साठवून ठेवले तर सोंड्या भुंगा त्यात घर करतो आणि परत बागेत येतो. पडलेल्या खांबाचा असा सगळीकडून त्रास आहे.

आता वाखाचं, म्हणजे या धाग्याचं. माझे आजोबा मिरज तालुक्यातले, त्यांचा पानमळा होता. मळ्याच्या कडेनं केळी लावलेल्या असायच्या, वारा अडवायला. पानवेल वर शेवरीच्या आधाराच्या झाडाला बांधायला आजोबा कधी सुतळी वापरत नव्हते, केळीचं सोपट, म्हणजे खांबावरचा एकेक थर, वापरायचे. वाळलेलं सोपट उभं चिरून त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या काढायच्या, बांधायच्या आधी बादलीत भिजत घालायच्या, मग त्या अशा मऊ व्हायच्या की कोवळ्या वेलीला जरासुद्धा काचत नव्हत्या आणि गाठ सुटायची पण नाही. मी लहान असताना त्यांच्या मागं बादली घेऊन फिरायचो. गजरेवाले पण पूर्वी याच दोऱ्यात फुलं ओवायचे, अजून काही ठिकाणी ओवतात. घायपाताचा वाख, अंबाडीचा वाख, त्याची दावी, कासरे, चऱ्हाटं आपल्याकडं घरोघरी वळत होते. नायलॉन आला आणि सगळं गेलं. तेव्हा हे कुठलं परदेशातलं नवीन तंत्रज्ञान नाही, आपल्याच घरातली वस्तू आहे जी मध्ये पन्नास वर्षं आपण विसरलो होतो.

मशीन मी तीन वर्षांपूर्वी घेतली. काम कसं चालतं ते नीट लिहितो कारण व्हिडिओत दोन मिनिटांत सगळं सोपं दाखवतात. खांब तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत घ्यावा लागतो, शिळा झाला की धागा तांबूस पडतो. वरची काळपट सुकलेली सोपटं काढून टाकायची, मग पांढरी सोपटं एकेक सुटी करायची आणि तीन-चार बोटं रुंद उभ्या पट्ट्या करायच्या. मशीनमध्ये एक ड्रम फिरतो त्याला पात्या असतात, पट्टी अर्धी आत घालायची, पात्या त्यातला गर खरवडून काढतात, मग ओढून घ्यायची, उलटी करायची आणि दुसरी बाजू घालायची. हातात राहतो तो केसांसारखा चमकदार धागा. पहिल्यांदा निघाला तेव्हा माझी आई तो हातात घेऊन किती वेळ बघत बसली होती, म्हणाली रेशीमच आहे की रे. मग स्वच्छ पाण्यात धुवायचा, पिळायचा, आणि दोरीवर सावलीत वाळत घालायचा. कडक उन्हात टाकला की राठ होतो.

यात दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक म्हणजे डाग. केळीचा डाग जात नाही हे लहान पोराला पण माहिती असतं, पण दिवसभर मशीनपुढं बसणाऱ्या बाईच्या अंगावर तो चीक सारखा उडत असतो, साडी पहिल्याच दिवशी कामातून जाते, हात काळे पडतात, काहींना खाज सुटते. ॲप्रन, हातमोजे, गमबूट मालकानं दिलेच पाहिजेत, हा खर्च धरूनच हिशोब करायचा. दुसरं म्हणजे ड्रमला पुढून गार्ड नीट नसेल तर पट्टीबरोबर हात आत ओढला जाऊ शकतो. माझ्या मशीनला आलेलं गार्ड इतकं पोकळ होतं की मी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दुसरं करून घेतलं, आणि पायानं दाबून बंद करायचं बटण बसवून घेतलं. ज्यांनी मशीन घेतलीय त्यांनी कृपा करून हे आधी करा, बाकीचं मागनं बघू.

आता हिशोब. शंभर किलो ओल्या खांबातून वाळलेला धागा साधारण किलोभर मिळतो, कधी थोडा जास्त. म्हणजे एका झाडाला पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम, आणि एकराचा सगळा मिळून अडीचशे-तीनशे किलो. एका मशीनवर दिवसाला मला पंधरा किलोच्या वर कधी जमला नाही, लाईट व्यवस्थित असेल तर, आणि आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, रात्री बायकांना रानात मशीनवर बसवायचं नसतं. म्हणजे एक एकर संपवायला सतरा-अठरा दिवस. मशीनवर दोन बायका आणि खांब तोडून वाहायला एक गडी, आमच्याकडच्या हजेरीनं रोजचे बाराशे धरा, एकवीस-बावीस हजार मजुरीतच गेले. धागा एका व्यापाऱ्यानं मला मागितला होता १२० रुपये किलोनं. अडीचशे किलोचे होतात तीस हजार. मजुरी वजा करून आठ-नऊ हजार उरले, त्यातून लाईटबिल, मशीनचा हप्ता, वाहतूक. ट्रॉलीचे पाच हजार वाचले ते जमेला धरा. यात लाख कुठं दिसतात ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी हिशोबाची वही लिहिणारा माणूस आहे.

पण हाच व्यापारी फोनवर काय म्हणाला ते ऐका. म्हणाला, माल एकसारख्या लांबीचा, पांढरा, पूर्ण वाळलेला असेल तर १६० देतो, मिक्स असेल तर १२०, आणि एक टनाच्या खाली गाडी पाठवत नाही. माझ्याकडं पहिल्या वर्षी सातशे झाडांचा मिळून १२० किलो माल झाला होता. एक टन कुठनं आणू. ज्यांनी मशीन विकली त्यांनी विकताना सांगितलं होतं की निघेल तेवढा माल आम्हीच उचलू, कागदावर पण लिहून दिलं होतं, पण मशीन उतरल्यावर दोन महिन्यांत त्यांचा फोन लागायचा बंद झाला. मी नाव लिहीत नाही कारण भांडण करायला पत्र लिहीत नाही, पण असे तीन-चार जण मला आमच्याच भागात भेटलेत ज्यांची मशीन आज गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. माझा १२० किलो धागा पण पोत्यात भरून गोठ्याच्या माळ्यावर पावसाळाभर राहिला, ओल धरली, आणि निम्मा काळा पडला. तो काळा पडलेला धागा बाहेर काढताना जे वाटलं ते लिहिता येत नाही, त्याला तीन बायकांचे आठ दिवस लागले होते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवीन नाही, दुधाचा अगदी हाच प्रश्न होता. एका म्हशीचं चार लिटर दूध घेऊन कोण मुंबईला जाणार होतं. मग गावागावात संकलन केंद्र झालं, सकाळी किटली घेऊन जायचं, फॅट लागते, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतो, पावती मिळते, दहा दिवसांनी पगार जमा. दोन लिटरवाला आणि दोनशे लिटरवाला एकाच रांगेत. सांगली-साताऱ्याला हे शिकवायला बाहेरचं माणूस लागत नाही, साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, पाणीपुरवठा संस्था हे सगळं आपल्याच लोकांनी उभं केलंय. मग केळीच्या वाखाला एक केंद्र का होऊ नये? वाळवा, पलूस, मिरज, कराड एवढा पट्टा धरला तरी चालेल. चार एकरांचा धागा म्हणजे एक टन होतो, म्हणजे चार-पाच शेतकरी एकत्र आले तरी एका गाडीचा माल आहे. केंद्रावर काय पाहिजे तर एक कोरडी शेड, जमिनीपासून वर उचललेले रॅक, ओलावा मोजायचं मीटर, वजनकाटा, आणि लांबी-रंग बघून तीन प्रतवाऱ्या करणारं एक शिकलेलं माणूस. बस. कोटीचं बजेट लागत नाही.

आणि मशीन शेतावर गेली पाहिजे, खांब मशीनकडं आणायचा नाही. सत्तावीस टन माल ट्रॉलीनं वाहायचा आणि त्यातला नव्वद टक्के पाणी, हा डिझेलचा नुसता नास आहे. मळणी मशीन कशी गावात फिरते तशी ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारी, ट्रॉलीवर बसवलेली मशीन पाहिजे, एका रानातलं झालं की दुसऱ्या. लाईटचा प्रश्न पण त्यात सुटतो. आता कुणी म्हणेल अशी मशीन कोण करणार. अहो, ज्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर कारखाना काढून लोखंडी नांगर केले त्या जिल्ह्यात हे विचारायची वेळ यावी का. कुपवाडला, पलूसला एमआयडीसी आहे, वेल्डिंग-फॅब्रिकेशनवाले प्रत्येक मोठ्या गावात आहेत. माझं गार्ड गावातल्या पोरानं एका दुपारीत केलं.

काही अनुभवी शेतकरी मला म्हणतात की धागा काढून नेला तर जमिनीचं काय, खांबात पोटॅश भरपूर असतं, ते कुट्टी करून रानातच गाडलं पाहिजे. त्यांचं बरोबर आहे आणि माझं पण तेच मत आहे. पण बघा, धागा म्हणजे शंभरातला एक किलो. उरलेले नव्याण्णव किलो रानातच राहतात, मशीन रानात असली तर. गर निघतो तो शेणकाल्यात मिसळून गांडूळखताला घालायचा, आणि पाणी निघतं त्यात तर पोटॅश उतरलेलं असतं. गुजरातमध्ये नवसारी कृषी विद्यापीठानं यावर खूप काम केलंय, खांबाच्या रसापासून त्यांनी नोव्हेल नावाचं द्रवरूप खत तयार केलं, गराचं गांडूळखत केलं, मधल्या पांढऱ्या गाभ्याची कँडीसुद्धा केली. त्यांचा हिशोबच असा आहे की धागा, रस, गर, गाभा सगळ्याचे मिळून पैसे धरायचे, एकट्या धाग्यावर अवलंबून राहायचं नाही. मी स्वतः दुसऱ्या वर्षी गर आणि शेण एकत्र करून बेड लावला, खत चांगलं झालं, खोडव्याला घातलं. रसाची मात्र मी आळवणी करून, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतून, बघितली ती माझ्या अंदाजानं, किती पाण्यात किती घालायचा हे मला कुणी शास्त्रीय सांगितलेलं नाही. हे सांगायचं काम आपल्या लोकांचं आहे. राहुरी विद्यापीठ आहे, कराडजवळ कालवड्याला आणि मिरजेजवळ कांचनपूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, मुंबईत माटुंग्याला सिरकॉटसारखी धाग्यावरच काम करणारी केंद्राची संस्था आहे, त्रिचीला तर फक्त केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आपल्या काळ्या रानात, आपल्या खोडव्यावर, एक हंगाम प्रात्यक्षिक घेऊन दाखवावं एवढीच विनंती.

आता या धाग्याचं करायचं काय. इथं पण लोक डायरेक्ट साडी आणि शर्टवर जातात. जपानच्या ओकिनावा बेटावर किजोका गावात केळीच्या धाग्याचं बाशोफू कापड होतं, त्यातल्या जुन्या जाणत्या विणकर ताइरा तोशिको २०२२ मध्ये १०१ व्या वर्षी गेल्या, महायुद्धानंतर मोडत आलेली ही कला त्यांनीच परत उभी केली. पण तिथं एका किमोनोला २०० च्या आसपास झाडं लागतात, धागा हातानं एकेक जोडतात, आणि त्यांची केळ पण वेगळी, फळासाठी लावतच नाहीत. चेन्नईजवळ अनकापुतूरचे विणकर केळीच्या धाग्याच्या साड्या विणतात, त्यांचं कौतुक आहे. आपल्या जी-नाइनचा धागा राठ असतो, कापसासारखा सरळ सूतगिरणीत कातता येत नाही, मऊ करायची प्रक्रिया करून कापसात मिसळावा लागतो. विट्याच्या यंत्रमागवाल्यांनी कधी प्रयोग केला तर फार आनंद होईल, त्यांचा पण धंदा अडचणीत आहे, पण सुरुवात तिथनं नको.

सुरुवात दोरीपासून करावी. केळीचा सख्खा भाऊ म्हणजे फिलिपिन्सचा अबाका, त्याचा वाख जहाजांच्या दोरखंडाला शेकडो वर्षं चालला, मनिला हेम्प म्हणतात तो हाच, ऑफिसात पिवळसर मनिला पाकिटं मिळतात ना त्यांना नाव त्याच्यावरनंच पडलं. टी-बॅगचा कागद पण त्याचाच करतात. म्हणजे या खानदानाचा धागा दोरी आणि कागदाला नंबर एक. आणि दोरीचं गिऱ्हाईक आपल्या दारात आहे. तासगाव, मिरज भागात द्राक्षाच्या काड्या बांधायला दरवर्षी किती सुतळी आणि प्लास्टिकची दोरी लागते बघा, छाटणीनंतर ते प्लास्टिकचे तुकडे मातीत जातात आणि तिथंच राहतात. आजोबांनी पानवेल ज्यानं बांधली त्यानं द्राक्षाची काडी बांधता येणार नाही का? मी माझ्या मेव्हण्याच्या बागेत चार ओळी बांधून बघितल्या, दोरी छाटणीपर्यंत टिकली, तुटल्यावर मातीत पडली ती पावसात कुजून गेली. टोमॅटो, काकडीच्या वेलींना पण हेच. मग पायपुसणी, टोपल्या, बेदाण्याच्या भेटबॉक्सला लावायच्या पट्ट्या. हातकागद शिकायचा तर पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. अहमदाबादमध्ये साथी नावाची कंपनी केळीच्या धाग्याचे सॅनिटरी पॅड करते, म्हणजे स्वच्छ मालाला तसलं पण गिऱ्हाईक आहे.

या कामात बायकांचा हात चालतो हे मी बघितलंय. सोपट अखंड कसं सोडवायचं, पट्टी किती रुंद ठेवायची हे माझ्यापेक्षा त्यांना आठ दिवसांत जास्त कळलं. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीच्या एका गावात बचत गटाच्या महिलांनी हे काम केलं आणि २०२१ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये त्याचा उल्लेख केला होता. आपल्याकडं उमेदचे (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) बचत गट गावोगाव आहेत. फक्त त्यांच्या गळ्यात मशीन आणि कर्ज बांधून मोकळं होऊ नका, आधी विक्री ठरवा. आणि गटाला किलोवर पैसे द्यायचे असतील तर प्रतवारीवर द्या, पांढऱ्या लांब मालाला जास्त, म्हणजे काम आपोआप नीट होतं, दुधाच्या फॅटसारखं.

अनुदानाचं एकच सांगतो. मशीनवर अनुदान आलं की मशीन विकणारे येतात, आणि मशीन गोठ्यात जाते. तेच पैसे शेड, रॅक, मीटर आणि पहिल्या दोन वर्षांच्या प्रतवारी करणाऱ्या माणसाच्या पगाराला द्या, मशीन शेतकरी आपली आपण घेतील, भाड्यानं फिरवतील.

जे नवीन पोरं मला फोन करतायत त्यांना हेच सांगणं आहे की यंदा मशीन घेऊ नका, माझ्याकडं येऊन चार दिवस काम करून बघा, पट्ट्या काढा, धुवा, वाळवा, मग ठरवा. मी आमच्या आजूबाजूच्या पाच गावांतल्या केळीवाल्यांशी बोललोय, माझ्यासकट अकरा जण तयार आहेत, सगळ्यांची मिळून साडेचौदा एकर केळी होते, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास धागा निघू शकतो. एका दूध डेअरीच्या चेअरमननी त्यांची जुनी पशुखाद्याची खोली वापरायला द्यायची तयारी दाखवलीय, पत्रा गळतोय तेवढा बदलावा लागेल. आमचा खोडवा येत्या महिन्याभरात उतरतोय. त्या वेळी कृषी खात्यातलं, विद्यापीठातलं किंवा द्राक्ष बागायतदारांपैकी कुणी बघायला आलं तर मशीन चालू असताना दाखवीन. माळ्यावर यंदाच्या कोरड्या, पांढऱ्या धाग्याच्या दोन पेंढ्या जपून ठेवल्यात, कुणाला नमुना पाहिजे असेल तर माझा नंबर पत्राच्या पाकिटावर लिहिलाय, तो संपादक साहेबांनी त्यांना द्यावा.

कळावे,
एक केळी उत्पादक शेतकरी,
ता. वाळवा, जि. सांगली